सहा जणींचा एक ड्रम

जुलैतला दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण: रोह्याच्या आमच्या कंपनीतली ट्रेनिंग रूम.

हजर: प्लँटचे मॅनेजरसाहेब. पॅकिंगचे सुपरवायझर. कामगार कंत्राटदाराचा माणूस, वीस मिनिटं उशिरा. भिसे खिंडीत ट्रक आडवा झाला होता हे त्याचं म्हणणं, आमची बस त्याच खिंडीतून वेळेवर आली हे माझं. पॅकिंग हॉलमधल्या सहा हेल्पर बायका, सहाच्या सहा, मागच्या बाकावर, चौघींच्या जागेत. आणि टिपणं घ्यायला मी.

वहीतली नोंद अशीच आहे. मी या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. टाइपरायटर गेला, मी राहिले. आता माझ्याकडे ट्रेनिंगचं दप्तर आहे: कोणाला कोणतं काम येतं, कोणाला काय शिकवायचं, कोणाची परीक्षा कधी. पेणहून रोज कंपनीच्या बसने येते. याद्या करते. घरीही करते. माझ्या नवऱ्याच्या मते मी देवांना नमस्कारसुद्धा क्रमाने करते, आणि त्यात चुकीचं काय ते त्याला अजून सांगता आलेलं नाही.

त्या शनिवारी विषय एकच होता. पॅकिंगमध्ये ड्रम भरायचं नवीन मशीन बसलं होतं. रिकामा ड्रम रुळांवरून आपोआप पुढे येतो, मशीन वजन करून माल भरतं, आणि बूच लावणं, सील करणं, लेबल काढून चिकटवणं, नोंद करणं हे सगळं एकच ऑपरेटर करतो. जुनी लाइन छोट्या ऑर्डरींसाठी चालू राहणार होती, पण तिथे पाच जणी पुरणार होत्या. सहावी उरत होती. ती म्हणजे रिकामे ड्रम आणणारी आणि भरलेले लोटून नेणारी. मशीनने पहिल्यांदा तिचंच काम घेतलं होतं.

साहेबांनी तिला चांगल्या शब्दांत सांगितलं. जुलैअखेर हेडऑफिसचे परीक्षक येतील. त्यांच्यासमोर तिने एकटीने तीन ड्रम भरून दाखवले, तर ऑपरेटर म्हणून नेमणूक. नाही जमलं, तर कंत्राटाची मुदत संपतेच आहे, ती वाढणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तक्त्यात तिला सगळंच येतं. म्हणजे परीक्षा नावापुरतीच."

तक्ता माझा. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत कामं, प्रत्येक चौकोनात एक गोल. पाव गोल काळा म्हणजे काम ऐकून माहीत. अर्धा म्हणजे कोणी सोबत असेल तर जमतं. पाऊण म्हणजे एकट्याला जमतं. पूर्ण काळा म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याइतकं येतं. पॅकिंगच्या सहाही जणींचे सगळे गोल काळेकुट्ट होते. ऑडिटवाले आले की मी तक्त्याचं तेच पान आधी उघडत असे.

मी मान डोलावली. मागच्या बाकावर मात्र कोणी मान वर केली नाही. लेबलं लावणारी, सहा जणींतली सगळ्यांत तरुण आणि बारावी झालेली, शेवटी म्हणाली, "साहेब, येतं सगळं. पण सगळ्यांना मिळून."

साहेबांना वाटलं ती नम्रपणे बोलते आहे. मलाही तेच वाटलं. मी वहीत 'सर्वांची तयारी आहे' असं लिहिलं.

खरा प्रकार मला दुपारी कळला. परीक्षेची तयारी म्हणून मी त्या ड्रम आणणारीला जुन्या लाइनवर एक ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने करायला सांगितला. तिने रिकामा ड्रम आणला, तोही एका हाताने, कडेवर तोलून, मिठागरात वाढलेल्या बाईला वजन कुठे धरायचं हे सांगावं लागत नाही. ड्रम काट्यावर उभा केला आणि बाजूला उभी राहिली. मी म्हटलं, पुढे. ती म्हणाली, पुढचं माझं नाय.

या सहा जणींनी गेली कित्येक वर्षं पॅकिंग हॉल सावडीने चालवला होता. भाताच्या लावणीला आपल्याकडे जशी सावड करतात, आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू, तशी. जिला जे जड जातं ते तिने करायचंच नाही. दुसरी करते आणि पहिली तिचं काहीतरी फेडते. एकीला काट्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत, मग ती फक्त बुचं आवळते. एकीला ड्रम लोटवत नाही, ती वही भरते. लेबलवालीला अक्षरं येतात, म्हणून साऱ्या हॉलची अक्षरं तिच्याकडे. बोलायचीही गरज नव्हती. आपलं काम झालं की ड्रमवर हाताने दोन ठोके द्यायचे; ते ऐकून पुढची हात घालायची. शेवटचे दोन ठोके पडले की ड्रमवाली ड्रम लोटत न्यायची. मी तक्ता भरायला जायची तेव्हा ड्रम पटापट भरत होते, चूक एकही नव्हती, आणि मी आनंदाने गोल रंगवत होते. सहा जणींनी मिळून केलेलं एक काम मी सहा वेळा लिहिलं होतं.

मी रागावले. कोणावर ते ठरेना, म्हणून सगळ्यांवर. बुचं आवळणारी त्यांच्यातली सर्वांत वडीलधारी, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर किती वेळा बघून गेलात."

हे मी वहीत लिहिलं नाही.

इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. वर्षभरापूर्वी हेडऑफिसने एक फॉर्म पाठवला होता. प्रश्न असा: तुमच्या मते करिअरमधलं यश म्हणजे काय? खाली पर्याय: बढती, प्रशिक्षण, नोकरीची सुरक्षितता, इतर. फॉर्म मीच विचारून भरले. बुचंवालीने सांगितलं की सुपरवायझर 'ए' न म्हणता नाव घेऊन हाक मारतो, यश आणखी काय असतं. लेबलवाली म्हणाली, सोयरीक बघायला आलेल्यांना 'पोरगी कंपनीत हाय' सांगता येतं. ड्रमवालीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मी नाय आली तर काम अडलं पायजे."

तिच्याकडे पुरावाही होता. एकदा ती बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली होती आणि त्या दिवशी भरलेले ड्रम लोटायला सुपरवायझर, दोन फिटर आणि फाटकावरचा वॉचमन लागले. संध्याकाळपर्यंत चौघांच्याही कमरा गेल्या. ही हकीकत ती कोणत्याही निमित्ताने सांगत असे, आणि दर वेळी वॉचमन जरा अधिक वाकलेला असे. मी तिचं उत्तर 'इतर'मध्ये टाकलं होतं. माझं स्वतःचं मत उलटं आहे. कोणी आलं नाही तरी काम चाललं पाहिजे, यालाच मी व्यवस्था म्हणते. माझ्या कपाटात निरनिराळ्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं फाइलला लावलेली आहेत, तारखेनुसार. माझ्या मते यश ते.

तर आता तिच्या नसण्याने काहीच अडणार नव्हतं, आणि हाताशी तीन आठवडेसुद्धा नव्हते.

मी चौदा कलमांची यादी केली. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं सरावाला, आणि बसमधला वेळ तोंडी प्रश्नांना. मी पेणला बसते, ती वडखळ नाक्यावर चढते. खाडीकडच्या तिच्या गावातून तिथपर्यंत विक्रम रिक्षा मिळते. नाक्यापासून रोह्यापर्यंत बराच वेळ हातात असतो, आणि तो वेळ आजवर बसने झोपण्यात घालवला होता.

पहिल्या दिवशी मी विचारलं, वजन ठरल्यापेक्षा जास्त दिसलं तर काय करायचं? मागच्या सीटवरचा फिटर म्हणाला, आधी मशीन थांबवायचं. त्याच्या शेजारच्याने सांगितलं, नाही, आधी व्हॉल्व्ह बघायचा. नागोठणे येईपर्यंत त्यांचा वाद चालला. ड्रायव्हरने आरशातून बघत तिसरंच उत्तर दिलं, आणि खेदाची गोष्ट म्हणजे तेच बरोबर होतं. जिची परीक्षा ती खिडकीतून शेतं बघत होती. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये जाहीर केलं की प्रश्न एकीला आहे, उत्तर एकीनेच द्यायचं. बस गप्प बसली. पण ती अडली की अख्खी बस घसा खाकरायची.

जेवणाच्या सुट्टीत तर फारच अवघड. नवीन मशीनपाशी ती उभी राहायची, भोवती पाच जणी. ती जरा थबकली की पाच हात पुढे. बूच कोणीतरी तिच्या हातात द्यायचं, सील कोणीतरी पुसून ठेवायचं. त्यांना तसं करू नका म्हटलं की कबूल करायच्या, आणि पुन्हा हात पुढे. शेवटी मी पाचही जणींना भिंतीशी ओळीत बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात तिचा स्वतःचा उघडा डबा दिला. जेवणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असतात. त्यावरही बुचंवालीने भाकरीचा तुकडा हातात धरून मानेनेच खुणा करायला सुरुवात केली.

साहेब मधून मधून डोकावायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले की एवढं शिकवतो आहोत खरं, पण हातात कसब आलं की ही शेजारच्या कंपनीत गेली तर? धाटावच्या एमआयडीसीत ऑपरेटर सगळ्यांनाच हवे असतात. मी म्हटलं, हा मुद्दा इतिवृत्तात घेते. ते म्हणाले, नको, नको, सहज बोललो. साहेबांच्या पुष्कळ शंका अशा इतिवृत्ताच्या नावाने मिटतात.

खरी अडचण लेबलची होती. मशीनला जोडलेल्या प्रिंटरवर मालाचा कोड टाकायचा, तो इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून. ती सातवीपर्यंत शिकलेली, मराठी पेपर वाचते, इंग्रजी अक्षरं मात्र शाळेतच ठेवून आली होती. बाराखडीसारखी घोकून घ्यायला वेळ नव्हता. मी तिला सांगितलं, सकाळी नाक्यावर बसची वाट बघत असतेस तेव्हा समोरून जाणाऱ्या दहा गाड्यांचे नंबर लिहून आण.

दुसऱ्या दिवशी तिने कागद दिला. दहाही गाड्या एमएच झिरो सिक्स. आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांनी 'एम' आणि 'एच' पक्के करून दिले, बाकीच्या अक्षरांसाठी मी तिला अलिबागकडे वळणाऱ्या गाड्या सोडून गोव्याच्या रस्त्याने येणारे बाहेरचे ट्रक बघायला लावले. चार दिवसांत गुजरात आणि कर्नाटक मिळाले. मग तिला नाद लागला. नंबरापुढे ती शेरेही लिहू लागली: 'हा येडा हाय', 'ह्याने चिखल उडवला', 'बाई चालवते'. ज्या दिवशी 'क्यू' सापडला त्या दिवशी तिने बसमध्ये चढता चढताच मला कागद दाखवला, आणि फिटर लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौदातलं सहावं कलम मी लाल पेनने खोडलं.

तेवढ्यात लावणी उरकत आली आणि तिची हिंमतही. परीक्षेला आठवडा होता. नाक्यावर ती चढली ती माझ्या शेजारी न बसता मागे जाऊन बसली. मी उठून मागे गेले. ती म्हणाली की ती परीक्षेला बसणार नाही, कंत्राट संपलं तर संपू दे. बहिणीकडे, तिच्या गावी, डाळीचं, भाताचं पुष्कळ काम असतं, तिथे जाईल.

"तिथं मी नाय गेली तर माझी बहीण अडते," ती म्हणाली. "इथं कोण अडतंय? मशीनला काय, मी नाय तर दुसरी."

मला समजावणं जमत नाही. ते काम कोणत्या क्रमाने करायचं असतं हे मला कधीच कळलेलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं की माझंही तसंच झालं होतं. टाइपरायटर उचलून नेला तेव्हा ऑफिसात कोणी साधं वळूनही बघितलं नव्हतं, आणि मी आठवडाभर चिडून घरी रोज भांडी आपटली. तिने विचारलं, मग काय केलंत? मी खरं ते सांगितलं: कॉम्प्युटरच्या क्लासला गेले, पेणलाच, आणि तिथे माझ्या मुलाएवढी पोरं मला काकी म्हणून हसायची.

ती हसली. जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "सातवं कलम काय होतं?"

सातवं कलम पॅनलवरच्या बटणांचं होतं. ती उत्साहाने सरावाला आली आणि त्या दिवसापासून बटणं एकदम बिनचूक दाबायला लागली. मी खूष. दोन दिवसांनी जवळ जाऊन बघितलं तर पॅनलवर टिकल्या चिकटवलेल्या. चालू करायच्या बटणावर हिरवी, थांबवायच्या बटणावर लाल, लेबलच्या बटणावर मरून, चंद्रकोरीची. लेबलवालीने स्वतःच्या पाकिटातल्या दिल्या होत्या. मी म्हटलं, हे चालणार नाही. बुचंवाली म्हणाली, का, मशीन काय विधवा हाय? त्यावर नियमावलीत काही सापडेना. टिकल्या राहिल्या.

परीक्षा जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी. हेडऑफिसहून पाहुणा येणार म्हणून मी तयारीची वेगळी यादी केली होती. मशीनभोवतीची फरशी धुणे. परीक्षकांसाठी हेल्मेट. ड्रम तीन, तपासलेले. चहा, बिनसाखरेचा एक. पॅनल पुसून घेणे.

हे शेवटचं कलम मी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि सफाईच्या बाईने ते चोख पार पाडलं.

परीक्षक तरुण होते, चष्म्याचे, मृदू बोलणारे, हातात घड्याळ. साहेब त्यांच्या शेजारी, साहेबांच्या शेजारी सुपरवायझर, मग मी. पाच जणी हॉलच्या दाराशी, दाराच्या बाहेर, कारण आत येऊ नका असं मी सांगितलं होतं. पण पाचही डोकी आत. ड्रमवाली मशीनपुढे उभी राहिली, पॅनलकडे बघितलं, आणि तिच्या पाठीवरून मला कळलं.

पॅनल लखलखत होतं. एक टिकली नाही.

दारात हलकी कुजबुज झाली. मी वहीत डोकं घातलं. मला आठवत होतं की 'स्टार्ट' आणि 'स्टॉप' या दोन्ही बटणांवरची पहिली दोन अक्षरं सारखीच आहेत, एस आणि टी. सरावात तिने त्यावर एकदा विनोदही केला होता, दोन्ही एसट्या, एक सुटणारी, एक थांबणारी, पण बोर्ड कुठला कोण जाणे. आता ती वाकली. नाक्यावर उभी राहून लांबून येणाऱ्या ट्रकचा नंबर बघावा तसे तिने डोळे बारीक केले. तिसऱ्या अक्षरापाशी बोट ठेवलं. मग दाबलं. रूळ हलले, रिकामा ड्रम आत आला, आणि माझ्या शेजारी साहेबांनी सोडलेला श्वास परीक्षकांनाही ऐकू गेला असणार.

पहिला ड्रम सावकाश झाला. भरला, बूच, सील, लेबल. लेबलवरचा कोड तिने वहीशी अक्षर अक्षर जुळवून बघितला, ओठ हलवत. नोंद केली. आता भरलेला ड्रम ढकलून बाहेरच्या रुळांवर द्यायचा, एवढंच राहिलं होतं. चौदावं कलम. तिचं स्वतःचं, आयुष्यभराचं.

तिने ड्रमच्या कडेला हात लावला आणि थांबली.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. तिचा हात कडेवरच. सुपरवायझर हळूच मला म्हणाले, हे काय, हेच विसरली? ती विसरली नव्हती. ती ठोक्यांची वाट बघत होती. इतकी वर्षं, अगदी सरावातही, कोणाचे तरी ठोके पडल्याशिवाय तिने एकही भरलेला ड्रम हलवला नव्हता. दाराशी बुचंवालीचा हात नकळत उचलला गेला, आणि लेबलवालीने तो मनगटाला धरून खाली दाबला.

मग ड्रमवालीने आपला हात उचलला, ड्रमवर स्वतःच दोन ठोके दिले, आणि ड्रम लोटला.

दुसरा ड्रम लवकर झाला. तिसरा आणखी लवकर. दोन्ही वेळा तिने शेवटी ठोके दिले. परीक्षकांनी विचारलं, हे ठोके कशासाठी, कार्यपद्धतीत तर दिसत नाहीत. साहेब माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, ही काम पूर्ण झाल्याची खात्री करण्याची स्थानिक पद्धत आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. हेडऑफिसच्या फाइलमध्ये ते आजही असेल.

ती पास झाली. ऑगस्टपासून ऑपरेटर. शिफ्टच्या फळ्यावर तिचा फोटो लागला. फोटोत ती पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते, पण बदलायला तयार नाही. पहिला आठवडा तिने तक्रारीत घालवला. मशीनपाशी एकटीला करमत नाही, बोलायला कोणी नाही, ठोके दिले तरी ऐकायला कोणी नाही. पाच जणींनी त्यावर तोडगा काढला आणि जेवायला मशीनशेजारी बसू लागल्या. तशी परवानगी नाही. मी त्या वेळी तिकडे जात नाही.

साहेबांची भीती काही अगदीच खोटी नव्हती. गणपतीनंतर एक दिवस ती बसमध्ये चढली आणि सांगू लागली की नाक्यावर एक माणूस विचारत होता, तुमच्या कंपनीत म्हणे कोणी ऑपरेटर बाई आहे, तिचा नंबर मिळेल का, आमच्याकडे जागा आहे.

"मी बोलली, ती मीच."

मी विचारलं, मग?

"मंग काय. नंबर नाय दिला. पण विचारलंन, हे बरं वाटलं." मग तिने विचारलं, "साहेबांना सांगू काय?"

मी म्हटलं, सांगायची गरज नाही. बस आहे, कळेल. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनपाशी खुर्ची आली. आधी दोनदा मागितली होती तेव्हा ऑपरेटरने उभंच राहायचं असतं असं उत्तर आलं होतं. आठवड्याने पंखाही आला. ती म्हणते, आणखी एखादा माणूस नाक्यावर भेटला तर पाण्याचा कूलर सांगावा.

तिच्या निकालाने माझा तक्ता मात्र उघडा पडला. बाकी पाच जणींचे गोल मी खोडरबरने पुसले. दोन दिवस लागले. पूर्ण काळे ते अर्ध्यावर आणले, काही ठिकाणी पाववर. मला वाटलं त्या दुखावतील. बुचंवालीने पान बघितलं आणि म्हणाली, आता आमच्यासारखं दिसतंय. त्यांच्या कंत्राटांची मुदत मार्चमध्ये आहे, आणि जुनी लाइन तोवर राहील की नाही हे कोणीच सांगत नाही. म्हणून आता शिकवते ती ड्रमवाली. भिंतीशी बसवणं, हातात डबे देणं, सगळं तसंच. फक्त ती माझ्यापेक्षा जास्त ओरडते. 'गो, हात मागे' हे मशीनच्या घरघरीतही ऐकू येतं.

तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मशीनवरची इंग्रजी कार्यपद्धती मराठीत, मोठ्या अक्षरांत, भिंतीला लावायला. आकडे न दिसणारीलासुद्धा वाचता आली पाहिजे. मला हसू आलं, एवढंच ना. अर्ध्या तासात मी सोळा कलमं लिहिली, टाइप केली, प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिला नेऊन दिली.

तिने उभ्यानेच वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट फिरवत. मग पाकीट माझ्या हातात परत दिलं.

"मॅडम, पाचवं आणि सहावं उलटं हाय. आधी ड्रम पुसायचा, मंग लेबल; ओल्या ड्रमवर लावलं तर ते धरतच नाय. आणि बूच 'घट्ट करा' लिवलंय. किती घट्ट? मनगटाला कळतं ते, ते लिवलं नाय."

मी म्हटलं, सांग, दुरुस्त करते.

"सांगून नाय व्हायचं. तुमी एक ड्रम भरा. एकटीने. मंग लिवा."

मी इतकी वर्षं या कंपनीत आहे, आणि किती लोकांना ड्रम भरायला शिकवलं याची यादी माझ्याकडे आहे. स्वतः भरलेला ड्रम एकही नाही. हे मी तिला सांगितलं नाही; तिला ते माहीत होतं, बहुतेक सगळ्यांनाच माहीत असावं. मी म्हटलं, या आठवड्यात ऑडिट आहे. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात दिवाळी होती. त्यानंतर माझा गुडघा दुखत होता, तो खरंच दुखत होता. मग एकदा वेळ ठरली, शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत. मी हॉलच्या दारापर्यंत गेले, आत सहाही जणी भिंतीशी ओळीत बसलेल्या दिसल्या, हातात डबे घेऊन, आणि साहेबांनी मला तातडीने बोलावल्याचं मला आठवलं.

भिंतीवरची जागा तिने मोजून ठेवली आहे, खिळेही ठोकले आहेत. पाच जणी कार्यपद्धतीशिवायच सराव करताहेत. रोज सकाळी वडखळला चढली की ती आधी माझ्याकडे बघते, विचारत काही नाही, विचारते ती अख्खी बस.

वहीच्या चालू पानावर शेवटची ओळ अशी आहे: ड्रम भरणे, एक, स्वतः, एकटीने. पुढे तारखेचा रकाना आहे. तो रिकामा आहे.